कुरणात भरलेली शाळा

'अंगणवाडी' हा शब्द आज शहरातील कोणत्याही घरास नवा नाही. घरकामास येणाऱ्या बाईचे धाकटे मूल अंगणवाडीत असते. निवडणुकीच्या वा जनगणनेच्या कामासाठी दारी येणारी बाई पुष्कळदा अंगणवाडीची सेविका असते. शब्द इतका रुळला आहे की, तो कोणी तरी, केव्हा तरी, कोठे तरी प्रथम उच्चारला असेल, हे आपल्या ध्यानातही येत नाही. पुष्कळांची समजूत अशी आहे की, हा शब्द दिल्लीच्या एखाद्या कचेरीत जन्मास आला. वस्तुतः तो जन्मला आपल्याच ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकास, समुद्रकाठच्या बोर्डी गावी, आणि ज्या मुलांसाठी तो जन्मला ती मुले शाळेत येत नव्हती. त्या मुलांचा आणि त्यांच्यामागे रानात गेलेल्या शाळेचा इतिहास आज सांगावयाचा आहे. (बोर्डी, डहाणू, तलासरी हा सर्व मुलूख १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो, परंतु ज्या काळाविषयी मी बोलणार आहे त्या काळी तो ठाणे जिल्हाच होता.)

प्रथम त्या मुलखाची ओळख करून घेतली पाहिजे. पश्चिमेस समुद्र, किनाऱ्यालगत चिकू-नारळाच्या वाड्या, आणि रेल्वेचे रूळ ओलांडून पूर्वेस निघालो की गवताची माळराने, टेकड्या व जंगल. ह्या पूर्वेकडील भागात वारली राहतात. एके काळी जमीन त्यांचीच होती. एकोणिसाव्या शतकात ती हळूहळू सावकारांच्या व जमीनदारांच्या हाती गेली, जंगलावर सरकारचा अंमल बसला, आणि ज्याच्या पूर्वजांनी रान साफ करून शेत केले तो त्याच शेतात कूळ किंवा नुसता वेठबिगार झाला. ह्या गुलामगिरीस एक विलक्षण नाव होते: लग्नगडी. लग्नासाठी दीड-दोनशे रुपये कर्ज काढावयाचे आणि त्याच्या फेडीदाखल सावकाराच्या घरी राबावयाचे. नवऱ्याने राबावयाचे, बायकोनेही राबावयाचे, आणि हिशेब कधी संपावयाचा नाही. मुले झाली की तीही त्याच दावणीस. वारल्याचे मूल सहा-सात वर्षांचे झाले की मालकाची गुरे राखावयास जाई. मोबदला म्हणजे पोटापुरती पेज. १९३७ साली मुंबई सरकारने आदिवासींच्या स्थितीच्या चौकशीसाठी सिमिंग्टन नावाचे सनदी अधिकारी नेमले. ते कोणी क्रांतिकारक नव्हते. तथापि त्यांनाही आपल्या अहवालात ह्या लग्नगड्यांची दखल घेणे भाग पडले.

अशा घरातील मुलाच्या बालपणाचा हक्क कोणाकडे मागावयाचा? बापालाच स्वतःच्या देहावर हक्क नव्हता.

ह्या मुलखाच्या इतिहासात १९४५ हे साल दोन वेळा मांडावे लागते. जानेवारीत टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. तिला काही वारली गेले, आणि परत येताना गोदावरीबाई परुळेकर व शामराव परुळेकर ह्यांना आपल्या मुलखात येण्याचे निमंत्रण देऊन आले. २३ मे रोजी झरी गावी सभा झाली. वेठ करावयाची नाही, लग्नगडी म्हणून राहावयाचे नाही, असा निश्चय तेथे झाला. आणि पाहता पाहता गावेच्या गावे वेठीतून सुटली. पावसाळा सरल्यावर गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न आला. पाचशे पौंड गवतास अडीच रुपये, ही मागणी. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला व जेठ्या गांगड ह्याच्यासह पाच जण ठार झाले. गोदावरीबाईंनी हा सारा वृत्तान्त 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात लिहिला आहे आणि त्यास १९७२ चे साहित्य अकादमीचे पारितोषिकही मिळाले. ज्यांच्या वाचनात ते आले नसेल त्यांनी ते अवश्य मिळवावे.

त्याच वर्षाच्या अखेरीस, २४ डिसेंबरला, काही कोसांवर बोर्डी येथे ताराबाई मोडकांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. ह्या दोन घटना कोणी ठरवून एकत्र आणल्या नव्हत्या. दोन्हींमागील माणसे निराळी, मते निराळी, मार्ग तर अगदीच निराळे. परंतु इतिहास लिहिणाऱ्याने त्या एकत्र वाचाव्यात असे माझे मत आहे. आईबापांची वेठ सुटली नसती, तर मुलाच्या दिवसातील एक तासही कोणत्याही बाईच्या हाती लागला नसता.

ताराबाई बोर्डीस आल्या त्या वेळी त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. जन्म १८९२ चा, मुंबईचा. १९१४ च्या पदवीधर. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुखपदी असलेल्या ह्या बाईंनी ती मानाची जागा सोडून १९२३ साली भावनगरची वाट धरली, कारण तेथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका बालमंदिर चालवीत होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे ताराबाई मुंबईस परतल्या आणि दादरला त्यांनी शिशुविहार काढला. ज्या घरांतून आज हे भाषण ऐकले जात आहे, तसल्याच घरांतील मुले तेथे येत.

येथे एक गोष्ट मनास टोचल्यावाचून राहत नाही. माँटेसोरीबाईंनी आपले पहिले बालगृह १९०७ साली उघडले ते रोम शहरातील सान लोरेन्झो ह्या दरिद्री वस्तीत, मजुरांच्या मुलांसाठी. तीच पद्धती आपल्या देशात आली ती पॉलिश केलेली लाकडी पेटी घेऊन, आणि उतरली सुखवस्तू लोकांच्या दिवाणखान्यात. पेटीची किंमत भरण्याची ज्यांची ऐपत होती त्यांनीच तिची ओळख करून घेतली. ताराबाईंना हे उमगले होते. ही पेटी न विकत घेता हे शिक्षण देता येईल काय, ह्याचे उत्तर शोधण्यासाठी त्या खेड्यात आल्या.

त्यांच्याबरोबर एक पस्तीस वर्षांच्या शिक्षिका आल्या: अनुताई वाघ. जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि वर्ष उलटण्याच्या आतच वैधव्य, एवढ्या दोन शब्दांत त्या काळच्या एका मुलीचे आयुष्य संपावयाचे. अनुताईंचे तेथून सुरू झाले. शिकून त्या शिक्षिका झाल्या, पुण्यास नोकरी केली, आणि बोर्डीस आल्यावर पुढील जवळजवळ सर्व आयुष्य ह्याच मुलखात घालविले. मोठी कल्पना सुचणे आणि ती रोज सकाळी उठून अमलात आणणे ह्या दोन वेगळ्या शक्ती आहेत; ह्या कामास सुदैवाने त्या दोन्ही लाभल्या.

बोर्डीस मध्यवर्ती बालवाडी उघडली. गावातील मुले आली. हरिजन व आदिवासी वस्तीवरील मुले मात्र येईनात. कोणाला बोलावले तर ती घरात दडत, कोणी झाडावर चढत. मग निर्णय झाला की, मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीने त्यांच्या अंगणात जावे. शिक्षिका वस्तीवर जाई, कोणाच्या तरी अंगणात मुले गोळा करी, त्यांना आंघोळ घाली, नखे काढी, केस विंचरी, आणि तेथेच गाणे, गोष्ट, खेळ चाले. ही अंगणवाडी. पेटीतल्या ठोकळ्यांचे काम शिंपले, गोटे, बिया, पाने, काटक्या ह्यांनी भागे. रंगांची ओळख पटवावयास फुले होती. लहान-मोठे समजावयास किनाऱ्यावर हवे तितके शंख होते. हे साहित्य फुकट होते, ही त्याची थोरवी काटकसरी माणसास लगेच पटेल. परंतु त्याहून महत्त्वाचे असे की, ते मुलाच्या ओळखीचे होते. आपल्या रानातली बी शाळेत मानाने मांडलेली पाहून त्याची भीती निम्मी जात असे.

बोर्डी हे झाले तरी किनाऱ्यावरचे, शिकल्यासवरल्या लोकांचे गाव. ज्यांच्यासाठी यावयाचे ते लोक डोंगराकडे. म्हणून १९५६-५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई त्या वेळी पासष्टीच्या घरात होत्या. सेवानिवृत्तीनंतर माणूस चढ टाळतो, हे मी स्वानुभवाने सांगतो. ह्या बाईंनी टेकडी निवडली.

आता ह्या भाषणाचा जो गाभा आहे त्याकडे येतो. कोसबाडला शाळा होती, शिक्षक होते, फी नव्हती. तरी वारल्यांची मुले वर्गात दिसत ना. असे झाले की आम्हां शिक्षकांजवळ एक ठराविक उत्तर तयार असते: ह्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. माझ्या उमेदीच्या वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आणि, कबूल करावयास हरकत नाही, इतक्या वेळा उच्चारले की ते मला पाढ्यासारखे खरे वाटू लागले होते. ताराबाई व अनुताई ह्यांनी आवडीनिवडीची चर्चा केली नाही. मूल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करते, एवढेच त्यांनी पाहिले. मुलगी असेल तर तिच्या कडेवर धाकटे भावंड असते, कारण आई कामावर गेलेली असते. मुलगा असेल तर तो गुरांमागे असतो. म्हणजे मूल रिकामटेकडे नव्हतेच. ते नोकरीवर होते.

प्रश्न अशा रीतीने मांडल्याबरोबर त्याची उत्तरेही समोर येऊन उभी राहिली. मुलगी भावंडास घेऊन येते ना? मग भावंडालाही येऊ द्या. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणली, आणि त्यास नाव दिले विकासवाडी. तान्हे मूल पाळण्यात, तीन-चार वर्षांचे बालवाडीत, आणि त्या दोघांना सांभाळणारी ताई पहिलीच्या वर्गात. शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांतून ह्या योजनेचे गुण अनेक अंगांनी सांगितलेले आहेत. मला तिच्यात दिसते ती एक नऊ-दहा वर्षांची मुलगी, जिचे दोन्ही हात प्रथमच मोकळे झाले आणि म्हणून त्यांत पाटी मावली.

आणि मुलगा? गुरे काही पाळणाघरात ठेवता येत नाहीत. म्हणून शिक्षक गुरांमागे गेला. जेथे जनावरे चरत तेथेच झाडाखाली वर्ग भरे. एक डोळा अक्षरावर, एक डोळा गुरांवर. मातीत अक्षरे काढावयाची, खड्यांनी मोजावयाचे, आजूबाजूस जे झाड, जो किडा, जो पक्षी दिसेल तोच धडा. ही कुरणशाळा. दिवसा ज्यांना तेवढीही सवड नसे त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग. पुढे अनुताईंनी आपल्या आठवणी 'कोसबाडच्या टेकडीवरून' ह्या पुस्तकात लिहून ठेवल्या. त्या वाचताना एक गोष्ट ध्यानात येते की, ह्यांतील कोणतीही युक्ती थोर बुद्धिमत्तेची नव्हती. ती कोणासही सुचण्याजोगी होती. फक्त त्यासाठी मुलाच्या मागोमाग दिवसभर चालावे लागत होते.

येथे माझी स्वतःची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मॅट्रिक झाल्यावर शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून मी अशाच एका आदिवासी भागातील शाळेत नोकरीस लागलो. गावाचे नाव सांगत नाही. माझ्या वर्गात एक मुलगा होता. पावसाळ्यात तो बऱ्यापैकी येई, पुढे अधूनमधून, आणि दिवाळी झाली की मुळीच नाही. अंकगणितात कच्चा; वजाबाकी मांडून दिली की फळ्याकडे पाहत उभा राही. एके दिवशी सायंकाळी फिरावयास गेलो असता तो मला ओढ्यापाशी भेटला. चार घरची मिळून बावीस गुरे त्याच्या ताब्यात होती. दोन जनावरे मागे राहिली होती, आणि ती कोणाची, कोणत्या रंगाची व कोणत्या बाजूस गेली असतील हे तो कळपाकडे एकदा नजर टाकून मला सांगत होता. बाविसातून वीस गेले, हे त्यास फळ्यावर येत नव्हते आणि ओढ्याकाठी येत होते. मी त्यास शाळेत का येत नाहीस म्हणून रागावलो आणि घरी आलो. कोसबाडला त्या वेळी पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच ह्या प्रश्नाचे उत्तर सापडून चुकले होते. माझ्या नोकरीच्या गावापासून ते फार दूरही नव्हते. मी ते ऐकलेही नव्हते.

जी गोष्ट हिशेबाची तीच भाषेची. वारल्याचे मूल घरी जी बोली बोलते ती पुस्तकातील मराठीहून पुष्कळ निराळी आहे. शाळेत पहिल्या दिवशी त्याच्या कानी पडणारे शब्द त्याचे नसतात, आणि त्याच्या तोंडचे शब्द ऐकून इतर मुले हसतात. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय असावी, हे कलम आपल्या राज्यघटनेत १९५६ च्या दुरुस्तीने आले. १९८९ च्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात तर तिसावे कलम खास अशा मुलांसाठीच आहे: मूलनिवासी समाजातील मुलास आपली संस्कृती व आपली भाषा ह्यांपासून वंचित करू नये. भारताने तो करार डिसेंबर १९९२ मध्ये मान्य केला. त्याच वर्षी सप्टेंबरात अनुताई निवर्तल्या होत्या. ताराबाई त्यापूर्वीच, १९७३ साली. ताराबाईंना पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री मिळाली होती, हे सांगून टाकतो, म्हणजे कोणी पत्र लिहून विचारावयास नको.

मूल घरून काय घेऊन येते, ह्याचे एक उदाहरण त्याच डहाणू तालुक्यातले आहे. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे हे वारली चित्रकार सर्वांस ठाऊक आहेत. लहानपणी आई गेल्याच्या धक्क्याने ते बोलेनासे झाले आणि धुळीत चित्रे काढून आपले म्हणणे सांगत, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. लग्नाच्या चौकात बायका तांदळाच्या पिठाने जे काढीत ते ह्या माणसाने कागदावर आणले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. आज आपल्या दिवाणखान्यांतील पडद्यांवर आणि चहाच्या पेल्यांवर ती चित्रे असतात. धुळीत रेघोट्या ओढणाऱ्या त्या अबोल मुलास पहिलीच्या परीक्षेत आम्ही किती गुण दिले असते, हा हिशेब मी करीत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील तेहतीस विभागांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांस अंगणवाडी हे नाव दिले. ताराबाईंचा शब्द अशा रीतीने काश्मीरपासून केरळपर्यंत गेला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली प्रत्येक वस्तीस अंगणवाडी असावी असा आदेश दिला. आहार, लसीकरण, वजनाची नोंद ही कामे ह्या केंद्रांनी केली व करीत आहेत. त्यांचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल, आणि तुटपुंज्या मानधनावर हे काम करणाऱ्या बायकांवर तर तो अन्यायच होईल. परंतु शब्द गेला तेव्हा अर्थ सगळाच बरोबर गेला काय? बोर्डीची अंगणवाडी मुलाच्या दारी जात असे. सरकारी अंगणवाडीस इमारत आली, पाटी आली, वेळापत्रक आले, आणि मूल तिच्या दारी येण्याची वाट पाहणे आले. पाड्यापाड्यांत विखुरलेल्या मुलखात ह्या फरकाची किंमत मूलच मोजते. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषणाने मुले दगावली आणि मुंबईची वर्तमानपत्रे हादरली. कोसबाडपासून ते ठिकाण एकाच जिल्ह्यात होते, आणि योजना सुरू होऊन सतरा वर्षे झाली होती.

शाळेच्या बाबतीत म्हणावे तर कायदा आता भक्कम आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळा नाकारता येत नाही. तथापि भातकापणी संपली की ह्या डोंगरांतील कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, हे काही कायद्याने थांबलेले नाही. आईबाप गेले की मूल जाते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ह्या भट्ट्यांवरच मजुरांच्या मुलांसाठी शाळा उघडण्याचा एक उपक्रम झाला. मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीस तिकडे भोंगा म्हणतात, म्हणून तिचे नाव भोंगाशाळा. नाव ऐकून मला कुरणशाळेची आठवण झाली. गुरांच्या जागी विटा आल्या होत्या. शिक्षक मात्र पुन्हा एकदा मुलाच्या मागोमाग चालत गेला होता.

निवृत्त होण्यापूर्वी जुन्या दप्तराची आवराआवर करावी लागते. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत माझी बदली योगायोगाने त्याच पहिल्या शाळेत झाली होती. कपाटाच्या तळाशी माझ्या हस्ताक्षरातील जुने हजेरीपट निघाले. त्या बावीस गुरांच्या मुलाचे नाव मी शोधून काढले. जून, जुलै, ऑगस्ट ह्या महिन्यांत हजेरीच्या खुणा बऱ्याच आहेत. पुढे त्या विरळ होत जातात. डिसेंबरच्या रकान्यात तांबड्या शाईने आडवी रेघ आहे, आणि तिच्यावर 'सतत गैरहजर, नाव पटावरून कमी केले' असा शेरा व खाली माझी सही. शेजारी 'गैरहजेरीचे कारण' असा छापील रकाना आहे. तो कोरा आहे.